सूज उतरेपर्यंत

पुस्तक बांधणाऱ्या माणसाला बोटापेक्षा पानाची काळजी जास्त. टोचा हातात घुसला की आधी बघायचं ते पानावर डाग पडला का. बोट काय, आपलंच आहे, कुठे पळून जातंय! वाचनालयाच्या तळघरात सत्तावीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवणारी बाइंडरबाई त्या मंगळवारी दुपारी याच नियमाने वागली. एका जाडजूड शब्दकोशाच्या पानांच्या जुड्यांना भोकं पाडताना टोचा निसटला आणि डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटात, अंगठीच्या जरा वर, चांगला खोल गेला. तिने चटकन हात मागे घेतला आणि पान तपासलं. पान कोरं होतं. मग तिने सगळे बाइंडर करतात तेच केलं. वाडग्यातली खळ बोटाला फासली, वर पातळ कागदाची पट्टी गुंडाळली आणि पुन्हा शिवायला बसली.

खळ म्हणजे पुस्तकं चिकटवायची पिठाची लापशी. ती रोज ताजी शिजवायची असते. ही होती शनिवारची, कडेने आंबूस वास सुटलेली. पण शब्दकोश आज हातावेगळा करायचाच होता, म्हणून तिने तीच चालवून घेतली होती. पुस्तकाला चालली असती, बोटाला चालली नाही.

घरी पोचेपर्यंत बोट लाल झालं होतं. भांडी घासताना ते गरम लागायला लागलं, पाण्यात धरलं तरी गरम. सकाळी उठली तेव्हा बोट कसलं, गाजर झालं होतं. आत नाडीच्या तालावर ठणका बसत होता आणि अंगठी मांसात रुतली होती. तिने साबण लावून बघितला, तेल लावून बघितलं, दात-ओठ खाऊन ओढून बघितलं. अंगठी तसूभर हलली नाही.

खरं सांगायचं तर ओढतानाही तिचं अर्धं मन नव्हतंच. ती अंगठी नवऱ्याने स्वतः केलेली होती. तो लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम करणारा कारागीर, वर्कशॉपमध्ये सगळे त्याला मायक्रॉन म्हणायचे, कारण केसाच्या दहाव्या भागाइतकी चूक झाली तरी हा बाबा अख्खा भाग भंगारात टाकायचा. लग्न ठरलं तेव्हा लोक सोनाराकडे जातात, हा लेथकडे गेला. बेअरिंगच्या पोलादाच्या एकाच सळईतून त्याने दोन अंगठ्या काढल्या, भट्टीत तापवून तेलात बुडवल्या आणि आरशासारख्या घासल्या. "सोनं काय, दातानेसुद्धा दबतं," म्हणाला. "हिला सात जन्म काही होत नाही." आणि एवढी मिजास मारून स्वतःची अंगठी मात्र त्याने मोजमापाच्या हत्यारांच्या खणात ठेवून दिली. फिरत्या यंत्रासमोर अंगठी घालायची नसते, असा त्यांच्यातला नियम. अंगठी अडकली तर यंत्र थांबत नाही, बोट जातं. नियम बरोबरच होता. तरीही बावीस वर्षं तिला तो सलत राहिला.

त्या अंगठीत एक गंमत होती, फक्त तिलाच ठाऊक असलेली. आतल्या बाजूला एक आडवी बारीक रेघ होती, नखाला लागेल इतकी. मायक्रॉनच्या हातून सुटलेली हत्याराची रेघ! खळ मळताना अंगठी काढून ठेवली की ती रेघ ती नखाने चाचपायची आणि हसायची. जगाला बिनचूक भाग करून देणाऱ्याने बायकोच्या अंगठीत तेवढी चूक ठेवली. "मायक्रॉनसाहेब, इथे तुमचा हात हलला वाटतं," असं ती चिडवायची, आणि तो आपला चहा पीत राहायचा. गेली चार वर्षं चिडवायला तो घरात नव्हता, तेव्हा ती रेघ नुसतीच चाचपायची.

भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. वर्कशॉप बंद पडलं, त्याला दोन तासांवरच्या दुसऱ्या गावात काम मिळालं. तो म्हणाला, "तुला यायचं असेल तर ये." ती म्हणाली, "तुम्हाला जायचं असेल तर जा." त्याला हवं होतं तिने म्हणावं, मी येते. तिला हवं होतं त्याने म्हणावं, मी नाही जात. दोघांनीही तोंड उघडलं नाही आणि शेवटी बॅग उघडली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ जळलाही नव्हता. वर्षातून दोनदा फोन व्हायचा. बरी आहेस ना? बरी आहे. तुमचं काम? चाललंय. तुझं? चाललंय. मग दोघंही दुसऱ्याने काहीतरी बोलायची वाट बघत आणि फोन ठेवून देत.

आणि तरी ही बाई संध्याकाळी साडेसातपर्यंत दाराला कडी लावत नसे. तो साडेसहाला यायचा, फार तर सातला. चार वर्षं कुणी आलं नाही, पण कडी साडेसातलाच. विचारलं असतं तर म्हणाली असती, वारा येतो.

दवाखाना वाचनालयाच्या मागच्या गल्लीत होता, दोन खोल्यांचा. डॉक्टरीण तरुण होती, चष्मा डोक्यावर चढवून तोच टेबलावर शोधणारी. सिस्टर मात्र मुरलेली, आवाज असा की ताप आपण होऊन उतरावा.

"कधी टोचलं?" सिस्टरने विचारलं.

"काल दुपारी."

"आणि हे काय चिकटवलंय?"

"खळ. पिठाची. आम्ही लावतो, रक्त पानाला लागू नये म्हणून."

"शिळी?"

"तीन-चार दिवसांची."

"वा! म्हणजे जंतूंना पाट मांडून जेवायलाच वाढलंत की."

सिस्टरने पट्टी भिजवून सोडवली. डॉक्टरने अंगठीच्या पुढचं बोट हातात घेऊन नख दाबलं. नख पांढरं पडलं आणि परत गुलाबी व्हायला त्याने फार वेळ लावला. डॉक्टरचा चेहरा बदलला. अंगठीच्या अलीकडचं बोट लालबुंद होतं, पलीकडचं जांभळट.

"अंगठी काढावी लागेल," डॉक्टर म्हणाली. "आत्ता."

आधी सिस्टरने दोऱ्याचा उपाय केला. दोरा बोटावर चापून गुंडाळत जायचं आणि मग अंगठी त्यावरून सरकवायची. दोरासुद्धा बाइंडरबाईच्याच एप्रनच्या खिशातला, मेण लावलेला. सिस्टर म्हणाली, असा दोरा आमच्या स्टोअरला बापजन्मात मिळायचा नाही. पण पाचव्या वेढ्याला बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि जखमेतून पू. दोरा सोडावा लागला.

मग कपाटातून अंगठी कापायची पक्कड निघाली, हाताने फिरवायच्या छोट्या दातेरी चकतीची. सिस्टरने ती पाच मिनिटं फिरवली. अंगठीवर साधा ओरखडा नाही, चकतीचे दात मात्र सपाट.

"सोनं कापलंय, चांदी कापलीय, पितळ कापलंय," सिस्टर घाम पुसत म्हणाली. "ही कसली हो?"

"पोलादाची. आमच्या ह्यांनी केलीय."

"मग विचारा की त्यांना, कशाने तुटते. इथे नाकापेक्षा मोती जड झालाय."

इथेच घोडं अडलं. डॉक्टरने बजावलं की मोठं हॉस्पिटल दोन तासांवर आहे आणि तिथेही आधी हाच प्रश्न विचारतील. बोट आणखी तीन-चार तास तग धरेल, मग खात्री नाही. फोन हातात घेऊन बाइंडरबाई बसून राहिली. बोट जाईल याची भीती होतीच. पण खरं सांगायचं तर ती थबकली होती वेगळ्याच कारणाने. चार वर्षांत पहिल्यांदा ठरलेल्या दिवसाशिवाय फोन करायचा होता, आणि तोही अंगठी कशी मोडायची हे विचारायला.

तिने नंबर लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"काय झालं?" तो म्हणाला. हॅलो नाही, काही नाही.

तिने सांगितलं. मग त्याने विचारलं, "नखाचा रंग?"

"जांभळट."

"अंगठीवर बाहेरून एक बारीक ठिपका आहे. तो कुठे आहे आत्ता?"

तिने डोळे बारीक करून पाहिलं. "वरच्या बाजूला."

"बरं. आता ऐक. ती कापली जाणार नाही. घासायचं यंत्र कुणी लावलं तर तापेल आणि बोट भाजेल. कुणालाही हात लावू देऊ नकोस. हात डोक्याच्या वर धर. दहा चाळीसची बस आहे."

"अहो, मी फक्त विचारायला..." ती म्हणाली, पण फोन बंद झाला होता.

डॉक्टरने इंजेक्शन दिलं, सुजलेल्या भागात थोडं बधिर केलं, आणि बाईला खिडकीजवळच्या बाकावर हात वर करून बसवलं. पन्नाशीची बाई, डावा हात वर, वर्गात परवानगी मागणाऱ्या मुलीसारखी. येणारा प्रत्येक पेशंट आधी तिच्याकडे बघायचा आणि मग छताकडे, वर काय दाखवतेय म्हणून.

"ही सूज आवरायची काही गोळी नाही का?" तिने सिस्टरला विचारलं. "मेलं बोट उगाच एवढा तमाशा करतंय."

"त्याला नावं ठेवू नका," सिस्टर जवळ येऊन बसली. पेशंट कमी होते आणि तिला बोलायला आवडत होतं. "बोट बिचारं त्याचं काम करतंय. टोचल्याबरोबर तिथल्या पेशींनी हाक मारली. त्या बघत नाहीत बरं का, कुणी विचारतंय का, आपण कसं सांगायचं. लागलं की लगेच ओरडा. मग तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात, जास्त रक्त येतं, म्हणून लाल आणि गरम. त्यांच्या भिंती सैल होतात, आतलं पाणी बाहेर पाझरतं, म्हणून सूज. आणि त्या भिंतींच्या फटींतून पांढऱ्या पेशी अंग चोरून बाहेर पडतात. जंतू खातात आणि तिथेच मरतात. तुमचा तो पू म्हणजे कोण? धावून आलेलीच मंडळी."

"आणि दुखतं कशाला एवढं?"

"तुम्ही त्या हाताने पुन्हा पुस्तक शिवू नये म्हणून. दुखलं नसतं तर शिवलंच असतं ना?"

बाईने वर धरलेल्या बोटाकडे पाहिलं. शिवलंच असतं.

"सूज वाईट नसते हो," सिस्टर उठता उठता म्हणाली. "मदत आली की जागा लागतेच. तुमची अंगठी जागा देत नाहीये, एवढंच."

पुढचे दोन तास बाइंडरबाईने घड्याळ आणि फाटक यांच्यामध्ये काढले. बोटात ठणका होताच, पण त्याच्याही आत दुसरं काहीतरी ठणकत होतं, आणि ते टोचल्यापासूनचं नव्हतं. एवढ्याशा पेशींना जमतं ते आपल्याला चार वर्षांत जमलं नाही, या विचाराने तिला स्वतःची चीड आली. तिला त्याची आठवण येत होती. सरळ, साधी, पोटातून येणारी आठवण. त्याच्या हातांना येणारा तेलाचा वास, चहाचा कप टेबलाच्या कडेपासून रोज तेवढ्याच अंतरावर ठेवायची त्याची खोड, साडेसहाला जिन्यावर वाजणारे बूट. केस पिकले असतील का? गाडीत बसायला जागा मिळाली असेल का? आणि आला तर बोलायचं काय? हात वर धरून धरून खांदा भरून आला होता, पण तिने तो खाली घेतला नाही.

पाऊण वाजता तो आला. केस पिकले होते. हातात जुनी कातडी पिशवी होती, तिने ओळखली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग वर केलेल्या हाताकडे, आणि पिशवी उघडली. आतून स्क्रूने आवळायची पक्कड निघाली, जबड्यांना कापड गुंडाळलेली.

"मी डॉक्टर आहे," डॉक्टर चष्मा शोधत म्हणाली. "आधी मला सांगा, तुम्ही काय करणार."

"हे पोलाद कडक आहे, डॉक्टर. कापलं जात नाही, पण काचेसारखं तडकतं. आतून एक खाच आहे, बरोबर ठिपक्याच्या समोर. एक जबडा ठिपक्यावर, एक खाचेवर. थोडं थोडं आवळायचं. बोटावर दाब यायच्या आत ती तडकेल."

"खाच?" बाई म्हणाली. "ती रेघ? ती तर तुमची चूक ना?"

त्याने वर पाहिलं नाही. "माझी चूक नखाला लागत नाही," तो म्हणाला. "वर्कशॉपमध्ये एका पोराचं बोट गेलं होतं अंगठीपायी, आपल्या लग्नाच्या आधीच्या वर्षी. तुला कडक अंगठी तर करून द्यायची होती. म्हणून एक जागा अशी ठेवली, जिथे ती मोडेल आणि बोट वाचेल."

"बावीस वर्षं मी चिडवलं तुम्हाला. सांगायचं नाही?"

"तू हसायचीस," तो म्हणाला. "हलू नकोस आता."

त्याने जबडे बसवले, डोळ्याने अंतर मोजलं आणि स्क्रू पाव फेरा फिरवला. मग पाव. मग त्याच्या अर्धा. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं, कारण बोटाकडे पाहवत नव्हतं. आणि तेव्हा तिला दिसलं. त्याच्या डाव्या हातात अंगठी होती. तीच, तिच्या जोडीची, पोलादाची. नुकती घातलेली नव्हती. खाली कातडीला खळगा पडला होता.

टक् असा बारीक आवाज झाला. अंगठीचे दोन तुकडे झाले आणि एक सिस्टरच्या ट्रेमध्ये वाजला. बोटावर खोल पांढरा वळ उठला होता. डॉक्टरने नख दाबलं, सोडलं. सगळे वाकून बघत राहिले. पांढरं नख हळूहळू गुलाबी झालं.

"वाचलं," डॉक्टर म्हणाली. तिने जखम उघडून धुतली, पट्टी बांधली, गोळ्या लिहून दिल्या. "आता सूज आपली आपण उतरेल. आठ-दहा दिवस."

दवाखान्याच्या बाहेर भिंतीला लागून एक बाक होता. दोघं तिथे बसली. अंगठीचे तुकडे त्याने रुमालात बांधले होते आणि ती गाठ तो उगाच घट्ट करत होता.

"लेथवर अंगठी घालायला लागलात?" तिने विचारलं.

"लेथ कुठे आहे आता. दोन वर्षांपूर्वी सगळी यंत्रं विकली त्यांनी. नटबोल्टच्या दुकानात बसतो. तिथे काही फिरत नाही, म्हणून घातली."

"दोन वर्षं?" तिचा आवाज चढला. "नटबोल्टची दुकानं काय तिथेच आहेत जगात? इथे आपल्या कोपऱ्यावर दोन आहेत! फोनवर म्हणायचात, काम चाललंय!"

"चाललंच होतं."

"मग आला का नाहीत?"

त्याने रुमालाची गाठ आणखी एकदा आवळली. "बोलावलं कुठे होतंस?"

"आज तरी कुठे बोलावलं?"

"आज बोट होतं," तो म्हणाला.

तिला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम, आणि कुठल्याला आधी जागा द्यावी ते कळेना. दोन वर्षं. सातशेच्या वर संध्याकाळी ती उघड्या कडीच्या दाराशी बसली होती आणि हा तिकडे बिनकामाची अंगठी घालून नटबोल्ट विकत होता. दोघांपैकी कुणी एकदा कण्हलं असतं तरी पुरे होतं.

"अडीचची बस आहे," तो उठत म्हणाला. "नवीन करून देईन. लेथ मिळेल कुणाचा तरी. सूज उतरली की कळव, माप घ्यायला येईन."

तो पिशवी उचलून चार पावलं गेला. तिच्या तोंडात नेहमीचं वाक्य तयार होतं. जायचं असेल तर जा. चार वर्षं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य, आपण होऊन ओठांवर येणारं. बोटात एक ठणका बसला.

"अहो, थांबा!" ती ओरडली. इतक्या जोरात की आत सिस्टरने दारातून डोकं बाहेर काढलं. "माप घ्यायला येऊ नका. उतरेपर्यंत राहा."

तो वळला. "किती दिवस?"

"आठ-दहा म्हणाल्या ना डॉक्टर," दारातून सिस्टर म्हणाली, कुणी विचारलं नसताना.

बाइंडरबाईने पट्टीतला हात छातीशी धरला आणि नवऱ्याकडे सरळ बघितलं.

"माझी सूज फार हळू उतरते," ती म्हणाली.